मागच्या ओळीतली माणसं

लावणी गाणारीचं नाव गावोगाव होतं. तिच्यामागे उभं राहून लय पेलणाऱ्यांचं होत नाही. मला मात्र ओढ लागली ती त्या मागच्या ओळीचीच.

चैत्रात जत्रा सुरू झाल्या की आमच्या राजगुरुनगरच्या, जुन्या माणसांच्या खेडच्या, आसपास तमाशाचे फड येत. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागत आणि गावकारभारी तिथं सुपारी द्यायला जात. तमाशा कलावंत विठाबाईंचं ते गाव. वगापर्यंत मी झोपून जाई, पण गणाआधीची ढोलकी-हलगीची जुगलबंदी कधी चुकवली नाही. हलगीवाला आधी जाळावर कातडं शेकायचा. मग हलगी कडाडायची, ढोलकी तिला जाब द्यायची आणि तिचा खर्ज थेट पोटात उतरायचा. तुणतुणं एकच सूर धरून असायचं.

पुढं पुण्यात कॉलेजला असताना मित्राच्या खोलीवर जमैकाच्या बॉब मार्लेची रेगेची कॅसेट ऐकली. शब्द फारसे कळले नाहीत, खालचा खर्ज लगेच ओळखीचा वाटला. तो बॅरेट बंधूंचा होता: ॲस्टन बास गिटारवर, कार्लटन ड्रमवर. चार मात्रांतली पहिली मोकळी सोडायची आणि तिसरीवर घाव घालायचा, ही त्यांची खूण. आपल्याकडे सगळा जीव समेवर येण्यात. तिथं समच रिकामी, म्हणून ती भरायला ऐकणाऱ्याचं अंग डोलतं. ॲस्टनकडे शिकलेल्या रॉबी शेक्सपिअरनं पुढं ड्रमवादक स्लाय डनबारशी जोडी जमवली. ब्लॅक उहुरूच्या ज्या अल्बमला १९८५ साली रेगेचं पहिलं ग्रॅमी मिळालं, त्याची लयही याच जोडीची. विद्या अशी हातातून हातात जाते.

आपल्याकडेही ती अशीच पुढं गेली. फडावरची ढोलकी संगीतकार राम कदमांनी ‘पिंजरा’ चित्रपटात (१९७२) घराघरांत नेली, अजय-अतुलनी ‘नटरंग’मध्ये (२०१०) नव्या पिढीला ऐकवली. चाकणला नोकरी लागल्यावर पाळीच्या बसमध्ये पोरांच्या मोबाइलवर मी तीच थाप ऐकत आलो. ती पोरं मराठवाड्याची, विदर्भाची. ठेका लागला की सगळ्यांची बोटं समोरच्या सीटवर एकदम पडत.

जमैकाच्या त्या वादकांची नावं रेकॉर्डच्या वेष्टनावर छापली गेली, म्हणून मला इथं बसून ती कळली. यात्रा कमिट्यांना माझी एवढीच विनंती: यंदाच्या जत्रेच्या पत्रिकेवर फडमालकाच्या नावाखाली ढोलकीवाल्याचं आणि हलगीवाल्याचंही नाव छापा.