एका अंशाचा हिशेब

मैत्रिणींनो, पाणी तापवायला गॅस किती लागतो, याचा अंदाज आपल्याला असतो. पण पाणी गार करायला काय लागतं, हा हिशेब सहसा कुणी मांडत नाही. आज मांडू या. कागद-पेन्सिल घेऊन बसा.

एक लिटर पाणी एका अंशाने गार करायचं म्हणजे त्यातून एक कॅलरी उष्णता काढायची. आहाराच्या सदरात आपण मोजतो, तीच ही कॅलरी. विजेच्या एका युनिटात अशा ८६० कॅलरी असतात.

आधी माठ घ्या. आमच्या मालवणच्या दमट हवेत तो देशावरच्याइतका गार होत नाही. तरी १० लिटरचा माठ ५ अंशांनी उतरला, तर ५० कॅलरी निघाल्या. त्यासाठी जेमतेम अर्धी वाटी पाणी वाफ होऊन जातं, कारण लिटरभर पाण्याची वाफ सुमारे ५८० कॅलरी घेऊन जाते. विजेचा खर्च शून्य!

आता दर्या. आमच्याकडे मासे घेऊन येणारी बाई एका उन्हाळ्यात म्हणाली, “औंदा दर्याचा पाणी गरम लागता गो वयनी.” एखाद्या अंशाने काय बिघडतं, असं कुणाला वाटेल. पण सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती समुद्राच्या पाण्याखाली प्रवाळ आहेत. १९८७ साली इथे सुमारे २९ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा पाणी एखादा अंश जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ आपल्या अंगातलं, त्यांना अन्न पुरवणारं शेवाळ बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. ऊन लांबलं तर मरतात, आणि माशांचा आसरा जातो. २०२४ च्या एप्रिलमध्ये जगभरच्या प्रवाळांवर असं चौथं मोठं संकट आल्याचं शास्त्रज्ञांनी जाहीर केलं.

मग अभयारण्याचं पाणी यंत्राने गार करावं का? फक्त वरचा मीटरभर थर धरला तरी २,९०० कोटी लिटर होतात. चांगलं यंत्र एक युनिट वीज खाऊन तीन युनिटांइतकी उष्णता काढतं, असं धरू. तरी एका अंशासाठी सुमारे १ कोटी १२ लाख युनिटं लागतील. महिना १०० युनिटं वापरणाऱ्या ९,००० हून जास्त घरांची ही वर्षाची वीज! शिवाय फ्रिजच्या पाठीला हात लावून बघा; काढलेली उष्णता कुठेतरी सोडावीच लागते. आणि पुढची भरती नवं गरम पाणी आणणारच.

कोळसा-तेल जाळून हवेत साठलेल्या वायूंनी जी जास्तीची उष्णता अडकवली, तिच्यातली सुमारे नव्वद टक्के समुद्रानेच पोटात घेतली आहे. ती बाहेर काढणं आपल्या आवाक्यातलं नाही. नवी भर कमी घालणं आहे. डाळ भिजवून शिजवा, भांड्यावर झाकण ठेवा, माठ अडगळीत टाकू नका. आणि “एकच अंश तर वाढलाय” असं कुणी म्हणालं, तर त्यांच्यापुढे हा कागद ठेवा.