सावली पडद्यावर की डोळ्यात?

"डॉक्टर, मागच्या वेळी छातीत दुखलं ते ॲसिडिटीमुळे होतं, म्हणून याही वेळी तीच गोळी घेतली." असं कुणी सांगितलं की मी रागावतो. मागच्या वर्षी मी स्वतः तेच केलं. फक्त तक्रार छातीची नव्हती, मॉनिटरची होती.

माझ्या दवाखान्यात रुग्णांची यादी दिवसभर पडद्यावर उघडी असते. तीन वर्षांपूर्वी एकदा यादी बंद केली तरी तिच्या रेघा पुसट दिसत राहिल्या. दुरुस्ती करणाऱ्या मुलाने कारण सांगितलं. एलसीडी पडद्यातले द्रवस्फटिक विजेच्या दाबाने वळतात. एकच चित्र तासन् तास राहिलं, तर तिथे थोडा विद्युतभार साठतो आणि ते लगेच पूर्ववत होत नाहीत. त्याच्या सांगण्यावरून मॉनिटर रात्रभर बंद ठेवला, मग काही तास कोरा पांढरा पडदा लावला. सावली गेली.

मागच्या वर्षी पुन्हा सावली दिसू लागली. या वेळी प्रत्येक अक्षराला चिकटून. मी गृहीतच धरलं की दुखणं जुनंच आहे. मॉनिटर रात्रभर बंद ठेवला, पांढरा पडदा लावला. खराब व्हीजीए केबलमुळेही अक्षरांशेजारी सावली पडते, म्हणून केबल बदलली. तीन आठवडे गेले.

मग एके दिवशी एका आजोबांचं क्रिएटिनिन मी पडद्यावर १.८ वाचलं आणि मेटफॉर्मिनचा डोस निम्मा करायला सांगितला. कागदी रिपोर्ट हातात असलेली त्यांची सून हळूच म्हणाली, "डॉक्टर, इथे १.३ लिहिलंय." मला घाम फुटला.

त्याच संध्याकाळी त्या मुलाला बोलावलं. त्याने पडदा पाहिला, मोबाईलवर फोटो काढला आणि म्हणाला, "सर, सावली कुठेय?" मला मात्र फोटोतल्या अक्षरांनाही सावली दिसत होती. भिंतीवरच्या कॅलेंडरलाही! डावा डोळा झाकला, सावली तशीच. उजवा झाकला, सावली गायब. उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात होती आणि सिलिंडरचा नंबरही वाढला होता. मधुमेहींना दरवर्षी डोळे तपासायला पाठवणाऱ्या मी स्वतःचे डोळे चार वर्षं तपासले नव्हते.

तुम्हालाही अशी सावली दिसली, तर या क्रमाने तपासा:

१. दुसऱ्या कुणाला ती दिसते का? दिसत असेल तर दोष यंत्रात. स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या उपकरणावर पाहा. त्यात सावली नसेल, तर गडबड केबलमध्ये किंवा पडद्यात. एलसीडीवरची बहुधा जाते. ओएलईडीवर उमटलेला डाग कायमचा राहू शकतो.

२. फक्त तुम्हालाच दिसते? आळीपाळीने एकेक डोळा झाका. एकाच डोळ्याने पाहतानाही सावली राहिली, तर कारण बहुधा चष्म्याचा नंबर, कोरडा डोळा किंवा मोतीबिंदू. नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

३. कोणताही एक डोळा झाकला की सावली जाते? मग दोन डोळ्यांचा मेळ बिघडला आहे. दोष स्नायूत किंवा नसेत असू शकतो. हे अचानक सुरू झालं तर त्याच दिवशी दाखवा. सोबत पापणी पडणं, तीव्र डोकेदुखी, बोलणं अडखळणं किंवा हातापायात अशक्तपणा असेल, तर थेट मोठ्या रुग्णालयात जा.

४. झगझगीत चित्राकडे टक लावून पाहिल्यावर त्याचा ठसा काही सेकंद दिसणं नैसर्गिक आहे. पण वस्तू नजरेआड झाल्यावरही तिचं चित्र वारंवार रेंगाळत असेल, तर डॉक्टरांशी बोला. मायग्रेन, काही औषधं, क्वचित मेंदूचा आजार यामागे असू शकतो. औषध मात्र स्वतःहून बंद करू नका.

नवीन चष्म्याने सध्या माझं भागतंय. मॉनिटर जुनाच आहे. आजोबांचा डोस मी तेव्हाच पूर्ववत केला, आणि आता कोणताही आकडा पडद्यावर वाचला तरी कागदावर पुन्हा पाहतो. "मागच्या वेळी असंच झालं होतं" हे वाक्य रुग्णाच्या तोंडून आलं की अजूनही टोकतो, पण रागावत नाही.