सूर्यास्ताच्या आत परतता येईल असं हॉटेल



रामोजी फिल्म सिटी दाखवायची, हे लेकीला ती तिसरीत असताना कबूल केलं होतं. आता ती पाचवीत आहे. दर वेळी काही ना काही आडवं आलं. मागच्या वर्षी सासरे गेले, तेव्हा तर विषयच निघाला नाही. यंदा दिवाळीनंतर ह्यांनीच म्हटलं, "डिसेंबरात जाऊन येऊ." बजेट ठरलं: प्रवास, राहणं, तिकिटं, सगळं मिळून ३० हजार. माणसं चार.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, लगेच म्हणाल्या, "तुम्ही तिघं जा. मी घर सांभाळते."

त्यामागचं कारण मला माहीत होतं. आई कंदमूळ खात नाहीत आणि सूर्यास्तानंतर पाण्याचा घोटही घेत नाहीत. तीन वर्षांपूर्वी आम्ही एका थंड हवेच्या ठिकाणी गेलो होतो. हॉटेलवाल्यांनी फोनवर "जैन जेवण मिळेल" असं सांगितलं होतं. ताटात आली ती रोजचीच रस्साभाजी, फक्त बटाटे वेचून काढलेली. आई दोन दिवस दूध आणि केळ्यांवर राहिल्या. तक्रार एका शब्दाची केली नाही, पण तेव्हापासून कुठे जायचं निघालं की "मी घर सांभाळते" हे ठरलेलं. आणि सासरे गेल्यापासून त्या या घरात एक रात्रही एकट्या राहिलेल्या नाहीत. त्यामुळे हॉटेल शोधायला बसले तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं: आई यायला हव्यात.

लेकीचं म्हणणं वेगळं. तिला "थीमवालं" हॉटेल हवं होतं, भिंतीवर कार्टून, पलंग गाडीच्या आकाराचा. अमेरिकेतल्या माझ्या मावसबहिणीला विचारलं, तर ती हसली. ती फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डमध्ये ऑल-स्टार मूव्हीज नावाच्या स्वस्तातल्या हॉटेलात राहिली होती. म्हणाली, "प्रचंड मोठे पुतळे बाहेर अंगणात असतात. खोली आपली साधीच. म्हणून तर परवडते!" ही गोष्ट मी लक्षात ठेवली. सजावट बघायला दिवसभर पार्क आहेच, खोलीत आपण फक्त झोपतो.

ह्यांनी सिकंदराबाद स्टेशनजवळचं एक हॉटेल काढलं. भाडं खरंच कमी होतं. आपल्या सेवाग्राम स्टेशनवरून बल्लारशा, काझीपेठमार्गे गाडी थेट सिकंदराबादला जाते, उतरलं की हॉटेल. पण मी घड्याळ मांडून बसले. फिल्म सिटी शहराबाहेर, विजयवाड्याच्या रस्त्यावर, हयातनगरच्याही पुढे. साधारण तीसेक किलोमीटर, त्यात हैदराबादची गर्दी. डिसेंबरात तिथे सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. आईंना जेवायला परत आणायचं तर चारलाच निघावं लागणार. म्हणजे लेकीचा अर्धा दिवस गेला, तिकिटाचे अर्धे पैसे गेले आणि दोन्ही वेळचं टॅक्सीभाडं वरून.

फिल्म सिटीच्या आवारातच राहायची सोय आहे. सितारा सगळ्यात महागडं, तारा मधलं आणि शांतिनिकेतन त्यातल्या त्यात परवडणारं. शांतिनिकेतनचं भाडं स्टेशनजवळच्या हॉटेलपेक्षा जास्तच होतं. पण टॅक्सी आणि वाया जाणारा वेळ धरला तर हिशेब जवळपास सारखाच आला. नाव ऐकून आई पहिल्यांदा हसल्या. "सेवाग्रामहून निघायचं आणि शांतिनिकेतनात उतरायचं! बापूंनी केला तोच प्रवास की!" त्या हसल्या तेव्हाच मी तिकिटं काढली.

मैत्रिणींनो, फोनवर "जैन जेवण मिळेल का?" एवढंच विचारू नका. त्याला सगळे हो म्हणतात. मी आता असं विचारते:

कांदा-लसूण-बटाटा नसलेली भाजी वेगळ्या कढईत कराल का? किती वाजता मिळेल? आदल्या दिवशी कुणाला सांगायचं?

पॅकेजात रात्रीचं जेवण धरलं आहे का? हॉटेलांत ते बहुतेक सात-साडेसातला सुरू होतं. आपण खाणारच नसू तर त्याचे पैसे का द्यायचे? फक्त नाश्त्याचा दर मागा, किंवा रात्रीऐवजी दुपारचं जेवण मिळतं का ते विचारा.

पार्कचं तिकीट आणि आतली बस खोलीच्या भाड्यात आहे का, की वेगळी?

एवढं करूनही डबा मी घेतलाच. दशम्या, खाकरे, मुरमुऱ्यांचा चिवडा, भाजलेल्या मुगाच्या पिठाचे लाडू आणि पाणी गाळायला दोन स्वच्छ गाळणी. चार दिवस टिकेल असंच.

पहिल्या दिवशी आई दुपारपर्यंत आमच्याबरोबर फिरल्या. लाल बसमधून सिनेमाचे सेट पाहिले, 'बाहुबली'च्या सेटपुढे नातीबरोबर फोटो काढला. चार वाजता मी आणि त्या खोलीवर आलो. सव्वापाचला दोघींनी दशमी आणि वरण-भात खाल्ला, पाणी घेतलं. मग त्या जप करत बसल्या. लेक आणि हे रोषणाई बघून रात्री आले.

खोली बघून लेकीचं तोंड उतरलं होतंच. "आजी, यात थीम कुठे आहे?" आई म्हणाल्या, "अगं, आपल्याकडे बापूकुटी बघायला लोक जगभरातून येतात. मातीच्या भिंती आहेत, बाकी काय आहे तिथे?" लेकीला ते किती पटलं माहीत नाही. पण रात्री ती आजीच्याच पलंगावर झोपली.

खर्च ३० हजारांच्या वर १८०० गेला. ते मी घरखर्चातून भागवले.

परतीच्या गाडीत आईंनीच विचारलं, "उन्हाळ्यात मुक्तागिरीला जायचं का?" या वेळी घर सांभाळायचं नाव त्यांनी काढलं नाही.