स्टारक्राफ्टचा तोल

स्टारक्राफ्टमधल्या तीन रेसेसमधला फरक मला त्यांच्या कामगारांवरून लक्षात राहिला. टेरन म्हणजे माणसं. त्यांचा कामगार इमारत पुरी होईपर्यंत तिथंच राबतो. प्रोटॉसचा कामगार इमारतीची सुरुवात करून देतो आणि दुसऱ्या कामाला निघून जातो. झर्गचा कामगार स्वतःच इमारत होतो. तो परत येत नाही. त्याला खर्चात धरायचं.

ब्लिझर्डनं हा खेळ १९९८ साली काढला. त्यांच्याच आधीच्या ‘वॉरक्राफ्ट २’मध्ये माणसं आणि ऑर्क यांची सैन्यं बरीचशी एकमेकांची नक्कल होती. बुद्धिबळातही न्याय असाच मिळतो : दोघांना सोळा-सोळा सारखी मोहरी. स्टारक्राफ्टनं मात्र तीन पूर्ण वेगळी सैन्यं दिली आणि तरी सामना बरोबरीचा होईल असं गृहीत धरलं.

हॉस्टेलवर आम्ही खेळायचो तेव्हा हरणाऱ्याचं वाक्य ठरलेलं असे : ‘तुझी रेसच भारी आहे.’ ही तक्रार जगभर होती. सुरुवातीला ब्लिझर्ड ती ऐकून पॅच काढायचं. कुणाची किंमत वाढव, कुणाची ताकद कमी कर. पण २००१मधल्या १.०८ पॅचनंतर असे मोठे बदल थांबले. नियम गोठले.

आणि खेळ बहरला तो त्यानंतरच, दक्षिण कोरियात. १९९७च्या आर्थिक संकटानंतर तिथं गल्लोगल्ली ‘पीसी बांग’ उघडले होते, ब्रॉडबँड आलं होतं. स्टारक्राफ्टचे सामने टीव्हीवर दिसू लागले, पगारी संघ उभे राहिले. तोल सांभाळायचं काम आता नकाशे बनवणाऱ्यांकडे आलं (चढ कुठे अरुंद ठेवायचा, खनिज किती द्यायचं) आणि त्याहून जास्त खेळाडूंकडे.

मार्च २००७ची एमएसएल फायनल घ्या. झर्गपुढे प्रोटॉस दुबळे, असं तेव्हा बहुतेकांचं मत होतं. समोर झर्ग खेळणारा त्या काळचा सम्राट, मा जे-यून. किम तेक-योंगनं त्याला ३-० हरवलं. अदृश्य शत्रू हुडकणारे झर्गचे ओव्हरलॉर्ड आधी कोर्सेअर विमानांनी टिपायचे, मग अदृश्य डार्क टेंप्लर आत सोडायचे. ही युनिट्स ‘ब्रूड वॉर’मध्ये, म्हणजे १९९८पासून, सगळ्यांसमोरच होती. ती इतक्या चोख वेळेत वापरणारा माणूस यायला आठ वर्षं लागली.

म्हणून हल्लीच्या मोबाइल गेममध्ये हरल्यावर ‘पुढच्या अपडेटमध्ये करतील नीट’ असं कुणी म्हणालं की मला किम आठवतो.

पण मा जे-यूनही आठवतो. २०१०मध्ये कोरियात सामनेनिश्चितीचं प्रकरण उघडकीला आलं आणि त्याच्यावर कायमची बंदी आली. प्रकरणात अडकलेले इतरही व्यावसायिक खेळाडू होते. संघाच्या घरात एकत्र राहून, दिवसाचे दहा-दहा तास सराव करून वाढलेली ही तरुण मुलं. विस्कटलेला तोल खेळाडू आणि नकाशे बनवणारे मिळून सावरू शकत होते. पण समोरचा जिंकायलाच बसलाय, या विश्वासाला तडा गेल्यावर कुठलाही डाव उपयोगाचा नव्हता. झर्गच्या कामगारासारखं यातल्या कितींना खर्चात धरलं गेलं, हा प्रश्न मला कुठल्याही सामन्यापेक्षा जास्त छळतो.