दुसऱ्याचा खाडा

आमच्या इमारतीच्या फाटकाशी रात्रपाळीला बसणारा नेहमीचा पहारेकरी गेल्या पंधरवड्यात एकाएकी गावी गेला, आणि दुसऱ्याच दिवशी एजन्सीने त्याच्या खुर्चीवर एक कोवळा पोरगा आणून बसविला. गणवेश तोच होता. बाह्या मनगटाखाली उतरलेल्या, गळपट्टीत आणखी एक मान सहज मावली असती इतकी सैल, आणि छातीवरच्या पट्टीवर नाव होते ते गेलेल्या माणसाचे. मी सवयीने ते वाचून हाक मारली, तसा तो तत्परतेने उठून उभा राहिला. ‘किती शिकलास?’ हा म्हाताऱ्यांचा ठरीव प्रश्न मी विचारला. ‘दहावीला गणित राहिलं,’ तो म्हणाला, ‘पण काम लगेच मिळालं. दादा परत आला नाही तर पुढंही राहीन.’ दादा म्हणजे अर्थातच ज्याचे नाव त्याने छातीवर धारण केले होते तो. दादा येऊ नये अशी इच्छा त्या बोलण्यात नव्हती. दादा यावा अशीही नव्हती.

तो स्वर माझ्या ओळखीचा होता. माझे वडील लालबागच्या एका कापड गिरणीत कित्येक वर्षे बदली कामगार होते. म्हणजे गिरणीच्या हजेरीपटावर त्यांच्या नावाची स्वतंत्र ओळ नव्हती, दुसऱ्या कोणाच्या ओळीत ज्या दिवशी खाडा पडेल त्या दिवशी त्या ओळीपुरते उभे राहण्याचा अधिकार तेवढा त्यांना होता. माणदेशात ज्या वर्षी पाऊस दगा देई, आणि तो बहुधा प्रतिवर्षी देई, त्या वर्षी घरातल्या एका तरण्या पोराने मुंबईची वाट धरावयाची हा आमच्याकडचा अलिखित दंडक होता. चौथीचा दाखला आणि औत धरणारे हात एवढ्या भांडवलावर वडील मुंबईस उतरले. गावकऱ्यांच्या गाळ्यात वळकटी पसरण्यापुरती जागा, खानावळीत महिन्याच्या उधारीवर दोन वेळचे जेवण आणि गावचाच एखादा साचेवाला, म्हणजे माग चालविणारा विणकर, या तीन गोष्टी जुळून आल्या की नवखा माणूस आठवड्याभरात गिरणीच्या दाराआड गेलेला असे. वडिलांच्या बाबतीत तो साचेवाला म्हणजे नाना.

साचेखात्यातली हवा मुद्दाम दमट ठेवीत, कारण कोरड्या हवेत सूत तुटते. त्या ओल्या उकाड्यात, आणि कानाशी तोंड नेल्याखेरीज शब्द पोहोचणार नाही अशा खडखडाटात, नानांच्या पाठीशी उभे राहून, दमडीही न घेता, धोट्यातली रिकामी कांडी बदलावी कशी आणि तुटलेला धागा ओळखून सांधावा कसा, हे वडिलांनी काही महिन्यांत आत्मसात केले. त्यानंतर ते बदली झाले. पहाटेचा भोंगा होण्यापूर्वी फाटकाशी जाऊन उभे राहावयाचे, आत गेलेल्या माणसांची मोजणी होऊन जॉबर, म्हणजे माणसे कामावर घेणारा मुकादम, दारात येईपर्यंत त्याच्या वाटेकडे डोळे लावावयाचे, आणि त्याने बोट दाखविले तर आत, न दाखविले तर घरी. घरी परतण्याची ती वेळ सकाळची आणि सर्वांच्या नजरेत येणारी असल्यामुळे, वडील तसेच पुढे भायखळ्याच्या बाजारापर्यंत जाऊन भाजी घेऊन येत, जणू त्याच कामासाठी ते बाहेर पडले होते.

लग्न होऊन बिऱ्हाड थाटल्यावर आईवडील नानांच्याच चाळीत, त्यांच्या शेजारच्या खोलीत राहावयास गेले, आणि माझ्या बालपणातली एक आठवण, जी मी कित्येकदा बाजूला सारूनही पुनःपुन्हा समोर येऊन बसते, ती तिथली आहे. नानांना ताप आला की आमच्या घरी शेगडी लवकर पेटे. आई हुलग्याचे माडगे करी. पिठाचा उग्र वास, त्यात गूळ आणि सुंठ पडली की त्या वासाला येणारी ऊब, आणि पितळेच्या गडूवर झाकण ठेवून शेजारच्या दाराकडे निघालेली आई. त्याच वेळी वडील सदऱ्याची बटणे लावीत असत. नाना अंथरुणातून म्हणत, ‘माझं साचं दुसऱ्याच्या हाती जाऊ देऊ नको रं.’ त्यांना वडिलांचे हात विश्वासाचे वाटत, आणि वडिलांना नानांचा ताप. एकदा मी आईला विचारले, ‘नाना किती दिवस आजारी राहतील?’ आईने गडू खाली ठेवला, माझ्या पाठीत धपाटा घातला, आणि गडू उचलून ती निघून गेली. प्रश्नात काय चुकले हे मला तेव्हा कळले नाही. उत्तराची घरात सर्वांनाच निकड होती हे मात्र कळले.

आता इतिहास सांगावयाचा तर, फाटकावरची ही गर्दी मालकांच्याही डोळ्यांवर आलेली होती. हिंदुस्थानातील कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी १९२९ साली नेमलेल्या व्हिटले आयोगाने १९३१ च्या आपल्या अहवालात माणसे कामावर घेण्याचा जॉबराचा अधिकार काढून घ्यावा असे मत दिले. त्या मागोमाग १९३५ साली मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली कामगारांची नोंद ठेवून त्यांना कार्डे देण्याची पद्धत सुरू केली, ज्यायोगे रिकाम्या जागेवर कार्डवाल्याचा हक्क आधी लागावा. कागदावर हे सर्व न्याय्य होते. परंतु पन्नासच्या दशकातसुद्धा आमच्या चाळीत रस्त्याकडच्या, दोन खिडक्यांच्या खोलीत एक जॉबर राहत असे, आणि कार्ड सदऱ्याच्या खिशात असूनही बोट कोणाकडे वळेल याची तजवीज त्याच्या स्वयंपाकघरातूनच करावी लागे.

आमची तजवीज म्हणजे तूप. गावी आजीच्या दारात एकच म्हैस होती आणि तिच्या दुधाचे तूप दिवाळीच्या सुमारास, चिनी मातीच्या बरणीत, तोंडाला फडके बांधून, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातून मुंबईस येई. त्या बरणीचे फडके आमच्या घरात कधी सुटले नाही. ती पोहोचती करण्याची कामगिरी माझ्याकडे असे. जॉबरीणबाई फडके सोडून बोटावर तूप घेत, वास घेत, आणि म्हणत, ‘मागल्या खेपेचं जास्त रवाळ होतं.’ मुकादमांच्या दस्तुरीविषयी पुढे मी पुष्कळ वाचले. ज्या व्यवस्थेत शेकडो माणसे एका बोटाकडे पाहत उभी राहतात तिथे बोटाच्या धन्याला दोष देऊन काय साधणार, हे अर्थशास्त्रही मला पटते. तथापि आज साठ-पासष्ट वर्षांनंतरही पंगतीत वाढपी तुपाचे भांडे घेऊन समोर आला की मी पानावर आडवा हात धरतो. त्या बाईंनी एकदा तरी ‘चांगलं आहे’ म्हटले असते, तर आजीच्या वतीने मी तो खटला केव्हाच निकालात काढला असता.

‘कसलीही पात्रता नसताना मुंबईने तुझ्या बापाला पोटाशी धरले’ असे आमचे नातेवाईक मोठ्या भक्तिभावाने सांगत, आणि तरुणपणी मीही तसेच सांगत असे. पात्रता नव्हती हे म्हणणे मात्र तपासून पाहिले पाहिजे. कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घेण्याची रीत होती. धोटा एकाच्या ओठांवरून दुसऱ्याच्या ओठांकडे जाई, आणि एवढ्याच कारणासाठी अस्पृश्य मानलेल्या कामगारांना गिरण्यांतून साचेखात्याची, म्हणजे जिथे पगार बरा असे त्या खात्याची, वाट बंद होती. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. तेव्हा नानांच्या पाठीशी उभे राहून फुकट काम शिकण्याची जी संधी आम्ही दारिद्र्याची खूण समजत होतो, ती कित्येकांच्या दृष्टीने वतनासारखी होती. दाखल्यावर न लिहिलेली, कोणत्याही विद्यापीठाने न दिलेली पदवी वडिलांपाशी होती. गाव, जात आणि नाना ही तिची तीन अक्षरे.

नाना पुढे खोकू लागले. वर्षानुवर्षे छातीत गेलेला कापूस म्हणा किंवा क्षय म्हणा, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर काही असले तरी परिणाम एकच, खाड्यांमागून खाडे पडत गेले. आईची माडग्याची शेगडी आता रोजच लवकर पेटू लागली, आणि घरात पैसाही नियमित येऊ लागला. या दोन गोष्टी एकमेकींना खेटून इतके दिवस चालल्या की आई वाण्याकडे उधारी फेडावयास जातानासुद्धा पदर डोक्यावरून पुढे ओढून जाई. अखेर नानांनी हिशेब घेतला, ट्रंक बांधली आणि ते गावी गेले. त्यांच्या जागेवर वडील कायम झाले. चाळीच्या रीतीप्रमाणे पेढे वाटावेत की नाहीत यावर आईवडिलांत जो वाद झाला तो मी अंथरुणातून ऐकला. वडिलांचे म्हणणे, इतक्या वर्षांनी नोकरी पक्की झाली, लोक काय म्हणतील. आईचे म्हणणे, नानांच्या दारावर कुलूप आहे, त्या दारावरून पेढे न्यायचे कसे. पेढे आणले गेले. चाळीत ते कोणालाच मिळाले नाहीत; पुडा जसाच्या तसा गावी, नानांकडेच, पाठविण्यात आला. नानांनी ते खाल्ले आणि ‘साचं नीट चालवतो ना’ असा उलट निरोप धाडला.

१९८२ च्या जानेवारीत अडीच लाखांच्या आसपास कामगार एकदम गिरण्यांबाहेर आले, तेव्हा वडील निवृत्त होऊन गावी ओसरीवर बसलेले होते. वर्तमानपत्र गुडघ्यावर ठेवून ते म्हणाले, ‘समद्यांचाच खाडा. आता बदली कोण जाणार?’ तो संप कोणत्या टोकास गेला हे सर्वज्ञात आहे.

मी स्वतः मॅट्रिक होऊन, टंकलेखनाची परीक्षा देऊन, एका कचेरीत कारकून म्हणून रुजू झालो. माझी जागा माझ्याच नावाची होती, आणि त्यामुळे मला या गोष्टींचा विसर पडण्यास हरकत नव्हती. विसर पडू दिला नाही तो आत्याने. तिचे सासर आटपाडीकडे. १९७२ च्या दुष्काळात म्हैस बाजारात गेली, विहीर तळाला गेली, आणि आत्या खडीकेंद्रावर गेली. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती असे म्हणतात. त्यांत डोक्याला फडके बांधून हातोडीने दगड फोडणारी माझी एक आत्या. शेजारच्या तासगाव भागात वि. स. पाग्यांनी १९६५ च्या सुमारास ज्या कल्पनेचा प्रयोग केला होता, ती ‘मागेल त्याला काम’ ही कल्पना पुढे कायद्यात उतरली. १९७७ साली विधिमंडळाने तो संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ग्रामीण भागातल्या प्रौढ माणसाने अंगमेहनतीचे काम मागितले तर पंधरा दिवसांच्या आत ते देणे शासनावर बंधनकारक झाले. त्यानंतर दर उन्हाळ्यात आत्या कधी पाझर तलावाच्या भरावावर, कधी नालाबंडिंगवर असे.

एका सुट्टीत तिच्या अंगणात बसून मी तिला एक गोष्ट समजावून सांगू लागलो. या योजनेला पैसा उभा करावा म्हणून शासनाने १९७५ साली शहरी पगारदारांवर व्यवसाय कर बसविला होता आणि तो माझ्या पगारातून दरमहा कापला जात होता. मी पुढे सांगितले की, माझ्या बापाला कित्येक वर्षे दुसऱ्याच्या आजारपणावर जगावे लागले. तुझे काम मात्र कोणाच्या खाड्यावर उभे नाही, ते तुझ्या मागण्यावर उभे आहे. इतके सुसंबद्ध भाषण मी कचेरीतही कधी केले नव्हते. आत्याने ते शांतपणे ऐकून घेतले.

‘व्हय, तूप कुनाला द्याया लागलं न्हाई,’ ती म्हणाली, ‘अन् द्यायाला म्हस कुठं हुती? पर मापाला येनारा कारकून ढीग दाबून मोजायचा. दीस मावळंस्तवर फोडलेली खडी, त्याच्या पट्टीखाली अर्धी व्हायची.’ मग माझ्याकडे जरा रोखून पाहत तिने विचारले, ‘तुजं किती कापत्यात?’

मी आकडा सांगितला, आणि घटनेनेच या कराला वर्षाकाठी २५० रुपयांची मर्यादा घातली असल्याने त्यापलीकडे तो जाऊ शकत नाही, हेही सांगितले.

‘मग वाईच वाढवाया सांग की सरकारला,’ आत्या म्हणाली. ‘हिकडचा दगूड लई चिवट हाय.’

पुढे १९८८ साली साठावी घटनादुरुस्ती होऊन ती मर्यादा २५०० रुपयांवर गेली. कचेरीतल्या सहकाऱ्यांनी यथास्थित कुरकुर केली, संघटनेने निषेधाचा ठरावही मांडला. मी त्यावर सही केली नाही. त्या दुरुस्तीमागे आत्याची शिफारस होती, अशी माझी आजतागायत पक्की समजूत आहे.