खिशातला चाकू

तुमच्यापैकी कोण कोण काय काय जमवतं? पोस्टाची तिकिटं, नाणी, शंखशिंपले, क्रिकेटपटूंची कार्डं? काड्यापेट्यांचे छाप जमवलेला एखादा जुना खेळाडूही तुमच्या घरात बाबांच्या नाहीतर आजोबांच्या रूपात सापडेल, विचारून बघा. मी मात्र चाकू जमवतो.

दचकलात ना? सगळेच दचकतात. "म्हणजे तलवारी, कट्यारी, जंबिया वगैरे?" असं पाहुणे हळूच विचारतात आणि खुर्ची थोडी मागे सरकवतात. छे हो! मिटणारे चाकू. पातं मुठीत दुमडायचं आणि खिशात टाकायचं, असे. पेन्सिलीला टोक काढायला, कैरी कापायला, सुतळी तोडायला. माझ्याकडे सध्या एकवीस आहेत आणि सगळे मिळून बुटांच्या एका खोक्यात मावतात. त्यातल्या एकाचीही किंमत बऱ्यापैकी सायकलीइतकी नाही.

आता तुम्ही म्हणाल, चाकूत जमवण्यासारखं काय आहे? एक पातं, एक मूठ, संपलं. मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. पण जुना मिटता चाकू नीट उघडून बघा. मुठीच्या पाठीला पोलादाची एक चपटी पट्टी असते. तिला आपण कमान म्हणू. पात्याचं मूळ चौकोनी असतं. पातं फिरवलं की ते मूळ कमानीला वर ढकलतं आणि पातं पूर्ण उघडलं की कमान खाली बसते. खट्ट! त्या आवाजावरून कारागिराचा हात कळतो. आवाज भरीव आला तर कमान अजून ताठ आहे. नुसतंच 'फुस्स' झालं तर समजा, म्हातारबुवा थकले. जुन्या बाजारात मी चाकू कानाशी नेऊन उघडतो आणि मिटतो. दुकानदार माझ्याकडे बघतात ते बघतातच.

आणि चाकू वाचताही येतो बरं का. माझ्या खोक्यातला सगळ्यात जुना चाकू इंग्लंडमधल्या शेफील्ड गावचा. तिथल्या जोसेफ रॉजर्स कंपनीचे चाकू एके काळी जहाजं भरभरून हिंदुस्थानात यायचे. मला तो पुण्याच्या जुन्या बाजारात गंजक्या कुलपांच्या ढिगात मिळाला. घरी आणून तेलाच्या फडक्याने पात्याचं मूळ पुसलं, तर खाली एक चांदणी आणि एक क्रूस दिसला. ही रॉजर्सची खूण. शिवाय एक मुकुट आणि त्याच्या दोन बाजूंना 'जी' आणि 'आर' ही इंग्रजी अक्षरं. 'जी' म्हणजे जॉर्ज, 'आर' म्हणजे रेक्स, लॅटिनमध्ये राजा. इतिहासाचं पुस्तक काढलं. १९१० ते १९५२ या काळात, १९३६ मधले काही महिने सोडले तर, इंग्लंडच्या गादीवर जॉर्ज नावाचेच राजे होते. त्याआधीचा जॉर्ज १८३० साली वारला, पण माझा चाकू घडणीवरून तेवढा जुना दिसत नाही. म्हणजे एका गंजक्या तुकड्याचा काळ मला तासाभरात, घरबसल्या लावता आला. परीक्षेत सनावळ्या पाठ करताना कधी एवढी मजा आली नव्हती!

याच रॉजर्सने १८२२ साली एक अजब चाकू घडवला होता. त्याला पाती किती? १८२२! पुढे दरवर्षी त्यात एकेक पात्याची भर घालत गेले. तो खिशात मावत नाही, हे सांगायला नकोच.

एक मात्र लक्षात ठेवा. शेफील्डच्या पुष्कळ चाकूंच्या मुठी सांबरशिंगाच्या असत आणि ती शिंगं जायची आपल्याच जंगलांतून. आता अशा वस्तूंच्या खरेदी-विक्रीला आपल्याकडे वन्यजीव कायद्याने बंदी आहे. त्यामुळे बाजारात तशी मूठ कितीही सुंदर दिसली तरी आपण पुढे चालू लागायचं. हाडाची, लाकडाची, पितळेची घ्यावी.

इंग्रजीत छोट्या चाकूला 'पेननाइफ' का म्हणतात, माहीत आहे? तिकडे पिसाच्या लेखणीला टोक काढायला तो लागायचा. आपल्याकडे बोरू तासायलाही चाकूच लागे, आणि फारसीत त्याला नावच 'कलमतराश'. म्हणजे चाकू हे आधी दप्तरातलं सामान होतं. शाई आणि कागदाचा शेजारी. ही गोष्ट जरा मनात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

माझा रोजच्या वापरातला चाकू फ्रेंच आहे. आल्प्स पर्वतातल्या सॅव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल नावाचा एक मुलगा होता. वडिलांचा धंदा कुऱ्हाडी-कोयते घडवायचा. १८९० साली, म्हणजे वयाच्या अठराव्या वर्षी, जोसेफने शेतकऱ्यांसाठी एक साधा चाकू तयार केला. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची मूठ, तिला एक चीर, चिरेत पातं. कमान नाही, काही नाही. १८९७ मध्ये त्याने एक ते बारा नंबरांचे बारा आकार काढले, चपलांचे असतात तसे. पुढे त्यातले एक आणि अकरा नंबर बंद झाले. १९५५ मध्ये मुठीच्या तोंडाशी एक फिरती कडी आली. ती फिरवली की उघडं पातं बोटांवर मिटत नाही.

ओपिनेलचा दोष म्हणाल तर लाकूड. माझा आठ नंबरचा चाकू एकदा जुलैत रत्नागिरीला आला. कोकणातला जुलै तुम्हाला माहीतच आहे, भिंतीसुद्धा घाम गाळतात. मूठ अशी फुगली की पातं आत रुतून बसलं. नखाने ओढा, चिमट्याने ओढा, हलायला तयार नाही. पण सॅव्हॉयच्या शेतकऱ्यांनी यावरही युक्ती काढून ठेवली आहे. चाकू मिटलेला धरायचा आणि मुठीचं मागचं टोक टेबलावर ठक्कन आपटायचं. पातं आपलं नाक बाहेर काढतं! या प्रकाराला तिकडे 'सॅव्हॉयवाल्याचा ठोका' म्हणतात. कुठे आल्प्स आणि कुठे आमच्या आजोळची पडवी, पण ठोका लागू पडला.

त्याच चाकूने मी कैऱ्या कापतो. साध्या पोलादाच्या पात्यावर कैरीचा आंबटपणा बसला की ते निळसर-काळं पडतं. बघणारा म्हणतो, "अरेरे, खराब झाला!" खराब कसला? तो काळा थर लाल गंजाला थोडा आवर घालतो. अनेक जमवणारे त्या रंगावर जीव टाकतात. जुना चाकू घासून-पुसून आरशासारखा लख्ख करणारी माणसं मला बघवत नाहीत. त्या घासण्यात पात्यावरची मोहोरही जाते आणि चाकूचं सगळं आयुष्यही. कोरडं फडकं फिरवावं आणि सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा. खोबरेल नको, ते थंडीत गोठतं आणि पुढे चिकट होतं.

लाल मुठीचा स्विस चाकू तुम्ही पाहिलाच असेल, म्हणून त्याबद्दल थोडक्यात. स्विस सैनिकाला बंदूक खोलायची असे आणि जेवणाचा डबा फोडायचा असे. म्हणून त्याच्या चाकूला पेचकस आणि डबा उघडायचं पातं आलं. कार्ल एल्सनरने १८९१ मध्ये सैन्याला असे चाकू पुरवायला सुरुवात केली. आपल्या आईचं, व्हिक्टोरियाचं, नाव त्याने पुढे आपल्या मालाला दिलं. खरं सांगू? मला तो चाकू कौतुकाचा वाटतो, पण आवडत नाही. कात्री, करवत, दात कोरायची काडी... ते चाकूचं दप्तर झालं!

आपल्याकडचा नामवंत म्हणजे उत्तर प्रदेशातला रामपुरी. बिचाऱ्याला हिंदी सिनेमाने बदनाम केलं. १९६५ च्या 'वक्त' चित्रपटात राजकुमार असाच एक चाकू हातात घेऊन ऐटीत बजावतो, की ही काही मुलांनी खेळायची वस्तू नाही. १९९० च्या दशकात तिथल्या सरकारने साडेचार इंचांहून लांब पात्याच्या चाकूंवर बंदी घातली आणि कारागिरांचा धंदा बसला. माझ्याकडे रामपुरी नाही. घ्यावासाही वाटला नाही. पण राजकुमारचं वाक्य मात्र डोक्यात राहिलं, कारण माझ्या खोक्यात एक चाकू आहे तो खास मुलांचा.

त्याचं नाव हिगोनोकामी. जपानमध्ये मिकी नावाचं गाव आहे (उंदराशी काही संबंध नाही), पिढ्यान् पिढ्या सुतारकामाची हत्यारं घडवणारं. तिथे १८९० च्या दशकात हा चाकू जन्मला. पितळेचा किंवा लोखंडाचा एक पत्रा दुमडून मूठ, तिच्यात पातं आणि पात्याला मागे एक छोटं शेपूट. शेपटावर अंगठा दाबून ठेवला तरच पातं उघडं राहतं. अंगठा सोडलात तर भरवसा नाही. म्हणजे हा चाकू वापरताना तुम्हाला दुसरीकडे लक्ष देताच येत नाही. मला ही त्याची सगळ्यात मोठी खुबी वाटते.

जपानी शाळकरी मुलांच्या पेन्सिलीच्या डबीत हा चाकू सर्रास असायचा. टोकयंत्र कुठलं असायला? वर्गात त्याने पेन्सिली तासायच्या आणि शाळा सुटली की बांबू. बांबूची भिरभिरी तर ठरलेली. दांडीवर पंखा बसवून तळहातात घुसळली की आकाशात उडते. तिचं नाव 'ताकेतोम्बो', म्हणजे बांबूचा चतुर. डोरेमॉन डोक्यावर लावून उडतो ना, तो पंखा हिच्यावरूनच सुचलेला.

मग १२ ऑक्टोबर १९६० उजाडला. तोक्योमध्ये भर सभेत सतरा वर्षांच्या एका मुलाने आसानुमा इनेजिरो या राजकीय नेत्याची हत्या केली. देश हादरला. मुलांच्या हातात पातं नको, अशी मोहीमच सुरू झाली. गंमत बघा, म्हणजे वाईट गंमत. त्या मुलाच्या हातात होती आखूड तलवार, आणि जप्ती आली पेन्सिलीच्या डबीवर. तोवर टोकयंत्रंही घरोघर आली होती. मिकीत कित्येक लोहार हिगोनोकामी करायचे, ते एकेक करून थांबले. ते नाव मोहोर म्हणून वापरण्याचा हक्क असलेला एकच कारखाना शेवटी उरला, नागाओ घराण्याचा.

त्या वेळच्या आईबापांना मी हसणार नाही. तशी बातमी वाचून कोण घाबरणार नाही? पण नागानो प्रांतात इकेदा गावच्या एका प्राथमिक शाळेने १९८० च्या दशकात उलट वाट धरली. तिथे मुलांना पेन्सिलीला टोक काढायला पुन्हा हिगोनोकामी हातात दिला. शिक्षक शेजारी उभे, आणि मुलं तासतायत. हे वाचलं तेव्हा मी खोकं उघडून माझा हिगोनोकामी बराच वेळ हातात धरून बसलो. न वापरलेला, कोरा करकरीत. जमवणाऱ्यांच्या हिशेबात कोऱ्या चाकूला मोल जास्त. एकदा धार लावली की ते उतरलं.

माझी भाची पाचवीत आहे. तिने तो बघितला आणि विचारलं, "मामा, हा मुलांचाच आहे ना? मग मला दे ना!"

ताई स्वयंपाकघरातून ओरडली, "काही नको! बोट कापून घेईल."

"तू तिच्याएवढी असताना अर्ध्या ब्लेडने टोक काढायचीस," मी म्हणालो. "त्याला तर मूठही नव्हती."

"आणि बोट कापायचंही माझं!" ताई म्हणाली. यावर मला उत्तर सुचलं नाही, कारण ते खरं होतं.

शेवटी ठरलं ते असं. चाकू माझ्या घरी राहणार. शाळेत न्यायचा नाही, खेळायला न्यायचा नाही, धरायचा तो फक्त रविवारी, बसून आणि माझ्यासमोर. मी त्याला धार लावली. मोल गेलं ते गेलं. (तुम्हीही शिकणार असाल तर असंच, घरातलं मोठं माणूस शेजारी घेऊन.) पेन्सिल डाव्या हातात धरायची, टोक आपल्यापासून लांब. उजव्या हातातला चाकू जवळजवळ हलवायचाच नाही. डाव्या हाताच्या अंगठ्याने पात्याची बोथट पाठ पुढे ढकलायची. लाकडाची पातळ साल सुटली पाहिजे. शिसं तुटलं की समजायचं, घाई झाली.

पहिल्या रविवारी तीन पेन्सिली बुटक्या झाल्या. दुसऱ्या रविवारी अंगठ्याला जरासं लागलं. तिने हात धुतला, पट्टी लावली आणि परत येऊन बसली. ताई दारात उभी राहून बघत होती, पण काही बोलली नाही. पाचव्या रविवारी जमलं. यंत्रासारखं गोल नाही, सहा पैलूंचं, थोडं वाकडं, पण लांबलचक टोक. ती पेन्सिल तिने चित्रकलेच्या तासाला नेली. बाईंनी विचारलं, "हे कशाने केलंस?" तिने सगळं सांगितलं म्हणे, हिगो प्रांत आणि बांबूच्या चतुरासकट.

आता तिला बांबू हवा आहे. बांबू आणणं सोपं आहे हो, पण त्याला चाकू जोरात लावावा लागतो. ताईशी बोलणी चालू आहेत.