अहो, ते कोटेशन जरा इकडे द्या!

नव्या गाडीची किंमत ठरलेली नसते, हे तुम्हाला माहीत होतं? मग मला आजवर कुणी सांगितलं का नाही? शाळेत गणित शिकवण्यात निम्मं आयुष्य गेलं, शेकडेवारी, नफा-तोटा, सरळव्याज फळ्यावर लिहून लिहून हात दुखले, आणि या सगळ्याचा खराखुरा खेळ महामार्गालगतच्या काचेच्या शोरूममध्ये रोज रंगतो याचा मला पत्ताच नव्हता! भाजीवाल्या मावशींनी वीस म्हटलं की वीस काढून देणारी मी. पण २०२४च्या सप्टेंबरात आम्ही घरातली पहिली नवी गाडी घेतली आणि तेव्हापासून मी वेगळीच बाई झाले आहे, असं नवऱ्याचं म्हणणं.

गाडीचं नाव सांगत नाही. सांगितलं की लोक तिच्या ॲव्हरेजवर बोलत बसतात आणि खरी गंमत बाजूला राहते. चार मीटरच्या आतली, पेट्रोलची, बाराशे सीसीच्या आसपासची, एवढं पुरे.

साताऱ्यातल्या शोरूममध्ये शिरलो तेव्हा सेल्सचा मुलगा जे काही बोलला ते नवऱ्याशी. "सर, पिकअप बघा. सर, डिकी बघा केवढी आहे." सरांना गाडी चालवता येत नाही. चालवणार मी, हप्ते निम्मे माझे, पण कोटेशनचा कागद सरकला तो सरांपुढे. खालच्या मोठ्या आकड्याभोवती पोराने पेनाने गोल केला : ऑन-रोड. हा गोल फार हुशारीचा असतो, बरं का. नजर त्याच्यातच अडकून पडते. मी कागद माझ्याकडे ओढला आणि गोलाच्या वरचं वाचायला लागले. पेपर तपासायची सवय, दुसरं काय!

वर ओळीखाली ओळ होती, आणि प्रत्येक ओळीचा मालक वेगळा होता!

एक्स-शोरूम ८,६०,०००. ही कंपनीची किंमत, जीएसटी तिच्या पोटातच. आरटीओचा कर ९४,६००. मनात भागून बघितलं, बरोबर अकरा टक्के. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला तेवढाच पडतो, तो सरकारचा, तिथे कुणाचं काही चालत नाही. नोंदणीचे सहाशे, तेही सरकारचे. आणि त्याच्याखाली? विमा ४६,२००. ॲक्सेसरीज किट २४,०००. कोटिंग ६,५००. हँडलिंग चार्जेस ७,५००. शिवाय एक्स्टेंडेड वॉरंटी, फास्टॅग. म्हणजे वरच्या ओळी कंपनीच्या आणि सरकारच्या, खालच्या बहुतेक शोरूमच्या हातातल्या! हे तर लग्नाच्या याद्या करायला बसल्यासारखं झालं. मानपान कुणाकडे, बँड कुणाकडे, हॉलचं भाडं कोण भरणार, हे एकेक कलम घेऊन ठरतं, "एकूण लग्न केवढ्याला देता?" असं कुणी विचारतं का? मग गाडीलाच का विचारायचं?

त्या दिवशी बुकिंग केलं नाही. कागदाची घडी पर्समध्ये टाकली, कराडच्या, कोल्हापूरच्या आणि पुण्याच्या शोरूमकडूनही कोटेशन मागवलं आणि सगळे कागद डायनिंग टेबलवर शेजारी शेजारी मांडले. काय सांगू! एक्स-शोरूम सगळीकडे तेच, कर तोच, आणि खालच्या ओळी मात्र चार शोरूमच्या चार तऱ्हा. एकाने कोटिंग घातलंच नव्हतं, एकाने हँडलिंगला 'लॉजिस्टिक्स' असं भारदस्त नाव दिलं होतं. पुण्याहून घेतली तरी पासिंग साताऱ्याचं करून देतो म्हणाले. म्हणजे मी एकाच दुकानाच्या दारात अडकलेली नव्हते.

सगळ्यात मजा विम्याच्या ओळीत. ऐका. नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावाच लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८पासून हे सुरू झालं. त्याचा हप्ता सरकार ठरवतं. हजार ते पंधराशे सीसीच्या गाडीला तीन वर्षांचे १०,६४० आणि वर जीएसटी. कुठल्याही विमा कंपनीकडे जा, तेवढेच. उरलेला सगळा पैसा आपल्या गाडीच्या नुकसानीच्या एका वर्षाच्या विम्याचा आणि झिरो डेप, इंजिन प्रोटेक्ट वगैरे जोडकामांचा. कंपन्या सूट देतात ती याच भागावर. आणि विमा शोरूमकडूनच घ्यायला हवा असा कुठलाही नियम नाही! आमच्या गल्लीतल्या एजंट काकांकडे तो कागद घेऊन गेले. तीच कंपनी, तीच आयडीव्ही (म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत), तीच जोडकामं. काकांनी चष्मा वर केला, मोबाईलवर बोटं फिरवली आणि म्हणाले, "तेहतीस हजार पाचशे." मी त्यांना पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा तेच! एका ओळीत १२,७००!

(एक मात्र आहे. नुसता हप्ता बघू नका, आयडीव्ही बघा. नव्या गाडीला ती एक्स-शोरूमच्या पाच टक्के खाली असते. आणखी खाली ओढली की हप्ता आपोआप उतरतो, आणि उद्या गाडी चोरीला गेली की हातात येणारी रक्कमही उतरलेली असते.)

पुन्हा शोरूम. "मॅडम," तो मुलगा म्हणाला. आता मॅडम! "बाहेरून इन्शुरन्स घेतलात तर कॅशलेस होणार नाही."

"कॅशलेस होतं ते विमा कंपनीशी तुमच्या वर्कशॉपचं टायअप आहे म्हणून ना? मग पॉलिसी कुणी विकली याने काय बिघडतं? होणार नाही, असं लेटरहेडवर लिहून देता?"

लिहून देता? हे दोन शब्द म्हणजे कमाल आहे! मुलगा उठला, "सरांशी बोलून येतो" म्हणाला, मागच्या काचेच्या केबिनमध्ये गेला. तिथले सर आमच्याकडे न बघता मान हलवताना दिसत होते. परत आला तो ३४,००० घेऊन. पाचशे रुपये जास्त होते, ते मी राहू दिले. क्लेमच्या वेळी त्याच वर्कशॉपमध्ये उभं राहायचं आहे.

मग हँडलिंगचे साडेसात हजार. "हे कशाचे?"

"गाडी यार्डातून इथे आणायची, धुवायची, पॉलिश..."

"मग मी यार्डात येते. धुऊन आम्ही घेऊ."

तो हसला. खरंच मनापासून हसला, आणि त्याने पेनाने ती ओळ खोडली. एका रेघेत साडेसात हजार! मुलांना वजाबाकी शिकवताना असा आनंद मला कधी झाला नव्हता. गाडी कारखान्यातून शोरूमपर्यंत यायचा खर्च किमतीत धरलेलाच असतो. दारातून दारात न्यायचे वेगळे पैसे कुठल्या नियमाखाली घेता एवढं विचारलं की ही ओळ फार काळ टिकत नाही. ॲक्सेसरीज किट 'कंपल्सरी' होतं, तेही लिहून द्यायची वेळ आली तेव्हा नव्हतं. कोटिंगही नको म्हटलं. मॅट आणि मडफ्लॅप फुकट मिळाले, सीट कव्हर मी बाजारातून शिवून घेतली. वॉरंटी मात्र वाढवून घेतली, ती मला पटते. आजकालच्या गाडीत तारा नि सेन्सर इतके की काय कधी रुसेल सांगता येत नाही.

आता कॅलेंडर. इथे तर मी नुसती थक्क झाले. शोरूमने गाडी कंपनीकडून आणलेली असते ती बहुतेक कर्जावर, आणि ती जितके दिवस यार्डात उन्हात उभी, तितके दिवस व्याज चालू. २०२४च्या सप्टेंबरात तर मोटारींचा साठा ८० ते ८५ दिवसांवर गेला होता, सुमारे ७९,००० कोटींचा, असं देशभरातल्या डीलरांच्या संघटनेनं, फाडानं, पुढच्या महिन्यात जाहीरच सांगितलं. एवढ्या गाड्या नुसत्या उभ्या! त्यात तो महिना पितृपक्षाचा. आपल्याकडे पितृपक्षात कुणी गाडी घेतं? शोरूम ओस, पोरं मोबाईल बघत बसलेली, एसीचा आवाज ऐकू यावा इतकी शांतता. आणि ३० सप्टेंबर म्हणजे महिनाअखेर, तिमाहीअखेर, टार्गेटचा शेवटचा दिवस, तोही पितृपक्षात! यापेक्षा चांगला मुहूर्त असतो का?

पण सासूबाई? त्यांची परवानगी कोण काढणार? मी भीत भीत विषय काढला. गाडी घरी दसऱ्यालाच येईल, फक्त बिल आधी फाडू. सासूबाईंनी हातातली भाजी निवडता निवडता निकाल दिला : "कागदाला कसला गं पितृपक्ष? हार गाडीला घालायचा असतो." संपलं! आणि खरं तर दसऱ्याला गाडी हातात हवी तर पासिंग, नंबर प्लेट सगळं आधीच व्हावं लागतं. मुहूर्त पाळणाऱ्यांचीही कागदपत्रं आधीच फिरत असतात, फक्त त्याकडे कुणी बघत नाही.

तर ३० तारखेला संध्याकाळी मी केबिनमध्ये मॅनेजरसमोर बसले. कागदी कपातला चहा आला. मी एवढंच म्हटलं, "कंपनीची वीस हजारांची स्कीम तर सगळेच देतायत. तुमच्याकडून अजून वीस सोडलेत तर आत्ता पैसे भरते, बिल आजच्या तारखेचं काढा." आणि गप्प बसले. गप्प! दिवसभर बोलून घसा बसवणारी मी, तिथे मुठी आवळून गप्प बसले. नवरा काहीतरी बोलायला तोंड उघडत होता, त्याच्या चपलेवर पाय ठेवला. मॅनेजरने कॅल्क्युलेटरवर काहीतरी मोजलं, पुसलं, पुन्हा मोजलं. मार्जिन कसं नाहीच उरत ते सांगितलं. त्यात तथ्य असतं, लहान गाड्यांवर डीलरला फार सुटत नाही, म्हणूनच तर त्यांचा जीव खालच्या ओळींत अडकलेला असतो. मी मान डोलावली. पुन्हा गप्प. बाहेर तो सेल्सचा मुलगा काचेतून माझ्याकडेच बघत होता, कारण माझी गाडी झाली की त्याचं टार्गेट पुरं होणार होतं. म्हणजे तो आतून माझ्याच बाजूचा होता! हे कळलं तेव्हा मला काय वाटलं ते शब्दांत सांगता येत नाही.

"पंधरा करतो मॅडम. याच्यापुढे खरंच नाही."

पंधरा! पहिल्या कागदातल्या गोलापासून मोजलं तर, कंपनीची स्कीम न धरता, एकूण फरक पासष्ट हजारांच्या आसपास पडला. त्यातले तीस हजार म्हणजे आपण न घेतलेल्या वस्तू आहेत, असं नवऱ्याने घरी आल्यावर हिशोब करून दाखवलं. असेनात का!

कर्जाचं थोडक्यात सांगते. शोरूमच्या टेबलावर बसलेला फायनान्सवाला "सहा टक्के फ्लॅट" म्हणाला आणि माझ्यातली बाई जागी झाली. पाच लाखांवर पाच वर्षं सहा टक्के फ्लॅट म्हणजे दीड लाख व्याज. पण आपण दर महिन्याला मुद्दल फेडत असतो ना? घटत्या शिलकीवर तोच दर पावणेअकरा-अकराच्या घरात जातो. आमच्या बँकेचा दर त्याहून कमी होता. दोन दरांची तुलना करायची तर दोन्ही एकाच पद्धतीने मांडून घ्या, हे मी नववीला सांगायला हवं होतं, आता सांगते.

पुढच्याच वर्षी, २२ सप्टेंबर २०२५ला, नेमकं घटस्थापनेला सरकारने लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आणला आणि माझी पासष्ट हजारांची कमाई एका फटक्यात फिकी पडली. त्याबद्दल मी बोलत नाही. पण कोटेशनच्या खालच्या ओळी? त्या जशाच्या तशा! त्यामुळे माझा भाव घरात अजून टिकून आहे. मैत्रिणी कोटेशनचे फोटो पाठवतात, मी वर्गात पेपर तपासावेत तशी लाल पेनाने उत्तरं पाठवते.

गेल्या डिसेंबरात धाकट्या दिरासोबत पिंपरीला गेले होते. त्याला बारा लाखांची गाडी हवी होती. दहा लाखांच्या वर गेलं की कर बारा टक्के होतो, आणि एक टक्का टीसीएसही, म्हणजे विकणाऱ्याने आगाऊ गोळा केलेला आयकर, लागतो. सेल्सवाला त्याला "टॅक्स आहे, द्यावाच लागतो" म्हणत होता. द्यावा लागतो खरा, पण ते बारा हजार इन्कम टॅक्सच्या रिटर्नमध्ये आपल्या नावावर जमा दिसतात, हे कोण सांगणार? मी सांगितलं. दिराने लगेच जुनी गाडी एक्स्चेंजला द्यायची म्हणून विषय काढला, त्याला थांबवलं. आधी नवीचा आकडा पक्का होऊ दे, मग जुनीचं बोलू. दोन्ही एकत्र केलं की इकडची सूट तिकडून वसूल होते. मग चासी नंबर मागितला. त्यात उत्पादनाचं वर्ष आणि महिना सांकेतिक अक्षरांत असतो, आणि पुढे आरसीवर तो स्वच्छ छापूनही येतो. यार्डातली गाडी मार्चमधली निघाली. डिसेंबरात मार्चची गाडी, आणि चार आठवड्यांत ती 'गेल्या वर्षीची' होणार! मी वही उघडली.

"वहिनी, पुरे ना आता," दीर कुजबुजला. "मला निळाच रंग हवाय, आणि निळी तेवढी एकच आहे."

मी त्याला चहा प्यायला सांगितलं. फास्टॅगची ओळ अजून बाकी होती.